पीळ

वर बाबांच्या खोलीत गाणं अडलं की जमिनीवर काठी वाजायची. दोनदा. ठक, ठक. खाली बैठकीच्या खोलीत मी हातातला कप ठेवायचो, खिशातला टेस्टर चाचपायचो आणि बायकोकडे बघून म्हणायचो, “झालं सुरू.” तोंड वाकडं करून म्हणायचो खरं, पण पाय केव्हाच जिन्याकडे वळलेले असायचे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. बायकोचं ते म्हणून झालंय. तेव्हा काही नवं सुचलं तरच म्हणा.

मी वायरमन. अठ्ठावीस वर्षं झाली. सदऱ्याच्या खिशात कायम टेस्टर असतो म्हणून सगळे मला टेस्टरच म्हणतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिशातून डोकावतोय. हे घर बांधलं तेव्हा यातली प्रत्येक तार मी ओढली. कुठल्या भिंतीत काय आहे ते डोळे मिटून सांगेन. माझं काम उघडून बघितलंत तर तारा कशा सरळ, एकीला एक लागून, भांग पाडल्यासारख्या. गुंता मला खपत नाही.

बाबांनी चाळीस वर्षं नाट्यगृहांत ध्वनीचं काम केलं. माइक कुठे ठेवायचा, कुणाचा आवाज किती वर घ्यायचा, हे त्यांच्या हातात. कान असे की शेजारच्या घरातला नळ ठिबकतोय हे शेजाऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं. आणि एवढे कान असलेला माणूस माझं मात्र कधी ऐकत नसे. माझ्या लहानपणी ते दौऱ्यावर असायचे, आणि घरी असले की डोक्यावर हेडफोन. शाळेतलं काही सांगायला गेलो की एक बोट वर करायचे. थांब. ते बोट खाली यायच्या आत मी मोठा झालो.

मग आई गेली, बाबा निवृत्त झाले, त्यांच्या टेप झिजून गेल्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं त्यांना इंटरनेटवरून गाणी वाजवणारा एक छोटा डबा आणून दिला. फोनवर गाणं निवडायचं, डब्यातून वाजायचं. तो त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला. मोठे स्पीकर होतेच. बाबा रोज संध्याकाळी सहाला ऐकायला बसू लागले. भानगड एकच होती. राउटर खाली आमच्याकडे, टीव्हीशेजारी. मध्ये जाड स्लॅब, आणि स्लॅबवर नेमकं बाबांचं लोखंडी कपाट. त्यातून वर पोचेपर्यंत वायफायचा जीव अर्धा व्हायचा. ऐन रंगात आलेलं व्हायोलिन थांबायचं, फोनच्या पडद्यावर गोल चकती फिरायला लागायची, आणि काठी वाजायची.

मी वर जायचो, चकतीकडे डॉक्टरसारखं बघायचो, “हं” म्हणायचो. मग खाली येऊन राउटर बंद करून चालू करायचो. मग परत वर, झालं का ते बघायला. खरं म्हणजे खालच्या खाली बटण दाबून भागलं असतं. पण मग वर जायला निमित्त काय उरलं असतं? जिना चढताना मी जरा कण्हायचोसुद्धा, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणजे कष्ट दिसावेत. गाणं सुरू झालं की बाबा म्हणायचे, “आलायस तर बस.”

त्या बसण्यासाठी हा सगळा खटाटोप. अर्धा तास, कधी पाऊण. “ऐक,” बाबा म्हणायचे, “आता एक जण खोकेल. तिसरी रांग, डावीकडून.” आणि खरंच कुणीतरी खोकायचं, तीस वर्षांपूर्वीचा खोकला. “हा कार्यक्रम मी ध्वनिमुद्रित केला होता. त्या माणसाला उचलून बाहेर ठेवावं असं वाटलं होतं.” मग कोण कलाकार रुसला होता, कुठला माइक ऐन वेळी बंद पडला, पडद्यामागे कोण घोरत होतं, सगळं यायचं. आईलाही त्यांनी एवढं सांगितलं नसेल. चाळीस वर्षांनी ते बोट खाली आलं होतं, आणि तेही एका अशक्त वायफायमुळे. मी ते कशाला दुरुस्त करू?

आता आमचे जावईबापू. म्हणजे धाकटीचा नवरा. मोठमोठ्या कार्यालयांत, इस्पितळांत नेटवर्क बसवून देतो. किडकिडीत, मऊ आवाजाचा, कधी म्हणून चिडत नाही. माणसानं अधूनमधून चिडावं. समोरच्याला बरं वाटतं. बाबा त्याला ‘अहो-जाहो’ करतात. त्यानं आणलेल्या बिस्किटांचं कौतुक करतात, एकदा त्याच्या बुटांचंही केलं. माझ्या बुटांकडे त्यांनी कधी पाहिल्याचं मला स्मरत नाही. ‘जावई माझा भला आणि लेक बाईलबुद्ध्या’ ही म्हण ज्यानं काढली, त्याला नक्की एक धाकटी बहीण असणार.

एका रविवारी सकाळी हा खांद्याला पिशवी लावून दारात उभा. मागे बहीण.

“दादा, बाबांचं गाणं सारखं अडतं म्हणे,” ती म्हणाली. “आज हे कायमचं करून टाकणार आहेत.”

‘कायमचं’ हा शब्द मला लागला.

“अडतं कधीमधी. मी बघतो की ते,” मी म्हणालो.

“दोन वर्षं बघतोयस.”

जावईबापू हातात फोन धरून घरभर फिरला, खाली, जिन्यात, वर. कपाटामागे डोकावला. मग म्हणाला, “दादा, बाबांपुरता वायफायचा नाद सोडून देऊ. राउटरपासून त्यांच्या डब्यापर्यंत सरळ केबल नेऊ. फक्त भिंत फोडावी लागेल थोडी.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. भिंत फुटणार म्हटल्यावर बाबाच नको म्हणाले असते. त्यांच्या यंत्रांवर धूळ बसलेली त्यांना चालत नाही. पण जिभेला हाड नाही. “फोडायची काय गरज?” मी म्हणालो. “घर बांधतानाच मी एक रिकामा पाइप वर नेऊन ठेवलाय. जिन्याच्या वळणावर बॉक्ससुद्धा आहे.”

“बारा वर्षांपूर्वी? रिकामा पाइप?” त्याचे डोळे मोठे झाले. “दादा, कमाल केलीत तुम्ही!”

मी फुललो, आणि फुललेला असतानाच लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि बीळ मी हौसेनं दाखवलेलं.

केबल मीच ओढली. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पोलादी पट्टी पाइपात सारली, वळणावरच्या बॉक्समधून पुढे ढकलली, टोकाला केबल बांधून वरून ओढून घेतली. वीस मिनिटं. जावईबापूनं मला रंगांचा क्रम लिहिलेली चिठ्ठी दिली. “खालचं टोक मी करतो, वरचं तुम्ही कराल?”

कराल? अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलंय? मी केबलचं आवरण काढलं. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला घट्ट पीळ. कारखान्यातून असा गुंता करून पाठवतात म्हणजे काय! मी चांगलं चार बोटं आवरण सोललं, एकेक जोडी उलगडली, तारा चिमटीत धरून सरळ केल्या आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये क्रमानं बसवल्या. बघत राहावं असं काम. बाबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. “हं,” बाबा म्हणाले.

जावईबापूनं लॅपटॉप जोडला आणि त्याच्या कपाळावर आठी आली. “वेग हजार दिसायला हवा,” तो म्हणाला, “शंभरच दिसतोय.” त्यानं सॉकेट उघडलं, माझं काम पाहिलं, आणि तो मऊ आवाज आणखी मऊ करून म्हणाला, “दादा, यात पीळ सोडायचा नसतो. पीळ असतो म्हणून बाहेरची खरखर आत शिरत नाही. अगदी टोकाशी सोडायचा, बोटाच्या पेराएवढा.”

“गाण्याला शंभर पुरत नाही होय?” मी विचारलं.

“तसं पुरेल...”

“पुरेल हा शब्द माझ्या खोलीत नको,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “पुन्हा करा.” आणि मग हसत जावयाला म्हणाले, “तारेचा सोडला त्यानं. स्वतःचा कधी सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो हा.”

सगळे हसले. बहीण हसली. चहा घेऊन दारात आलेली माझी बायको इतकी हसली की कप हिंदकळले. जावईबापू हसला नाही. खाली मान घालून तारा कापत राहिला, आणि सगळ्यांत जास्त राग मला त्याचा आला. माझं घर, माझा पाइप, माझा बाप, आणि शिकवतोय कोण, तर हा. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं.

मग बाबांनी तो त्यांचा जुना कार्यक्रम लावला. व्हायोलिन सुरू झालं ते थांबलंच नाही. जावईबापू हळूच म्हणाला, “आधी जोर कमी पडायचा म्हणून ॲप गाण्याचा दर्जा उतरवून वाजवायचं. आता सगळं येतंय.” तिसऱ्या रांगेतला माणूस खोकला. आणि बाबा एकदम खुर्चीत पुढे सरकले.

“त्याच्या शेजारी बाई आहे,” ते म्हणाले. “ती त्याला गप्प करतेय. शूः म्हणतेय. अहो, तीस वर्षांत ही बाई मला ऐकू आली नव्हती!”

त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, जावयाजवळ गेले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “जावईबापू, माझंच काम मला आज कळलं.”

माझ्या पाठीवरून तो हात फिरला असेल तर तेव्हा मी पाळण्यात असेन. मला त्याचा हेवा वाटला. आडपडदा न ठेवता सांगतो, असा हेवा की तोंडात कडू चव आली. मी पक्कड, पट्टी गोळा केली आणि खाली आलो. चहासुद्धा घेतला नाही, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून काठी थांबली.

सोमवारी सहाला मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो. वरून व्हायोलिन झिरपत होतं, अखंड. मंगळवारी पियानो, अखंड. बुधवारी कुणीतरी बाई गात होती आणि तिलाही कसला अडथळा म्हणून येईना. मी राउटरकडे बघायचो. त्याचे हिरवे दिवे माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

“अहो, जा की वर,” बायको म्हणाली. “बापाच्या खोलीत जायला निमंत्रण लागतं का?”

“बोलावलं का त्यांनी?”

“बोलावलं नाही म्हणून जायचं नाही? पाहुणे लागून गेलात की काय?”

“ज्यांना बोलावतात ते जातील.”

“तुमच्या पोटात दुखतंय,” ती म्हणाली.

“माझ्या गुडघ्यात दुखतंय,” मी म्हणालो.

जिन्यात उभं राहिलं की बाबांचं फोनवरचं बोलणं नीट ऐकू येतं. मी ऐकायला उभा राहायचो असं नाही, जिन्यातला दिवा बघायला जायचो. तो दिवा त्या दिवसांत फार बघावा लागला. “अहो जावईबापू,” बाबांचा आवाज यायचा, “पियानोवाल्याचा पाय ऐकू येतो हो, पाय! पेडल दाबतो तो!” मग तो कोण होता, कुठला हॉल, पडद्यामागे कोण घोरत होतं. ते घोरणं मला सांगितलेलं होतं. तो खोकला माझा होता. आता खोकलाही त्याचा आणि वर ती बाईसुद्धा त्याचीच.

तीन आठवडे मी कळ काढली. चौथ्या सोमवारी दुपारी बाबा पाय मोकळे करायला बाहेर पडले, बायको बाजारात गेली. मी जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं आणि स्वतःला म्हणालो, दिवा बघू. दिव्याकडे न बघता बॉक्सचं झाकण उघडलं. केबल बाहेर ओढली आणि कापली.

मग दोन्ही टोकांच्या जोड्या उलगडल्या आणि एकेकीचा पीळ सोडला, चांगला चार बोटं. जे त्यानं शिकवलं तेच त्याच्यावर उलटवलं. तारा एकमेकींना नुसत्या टेकवल्या, सैल, म्हणजे कधी लागतील, कधी सुटतील. वर काळी टेप गुंडाळली, सगळं आत ढकललं, झाकण लावलं. अठ्ठावीस वर्षांत मुद्दाम वाईट केलेलं हे माझं पहिलं काम. सांगायला लाज वाटते, पण टेप मात्र छान गुंडाळली.

सहाला मी तयार. कप भरलेला, टेस्टर खिशात. वर व्हायोलिन सुरू झालं आणि चार मिनिटांत तुटलं. परत आलं, परत तुटलं. मी कप खाली ठेवला आणि खुर्चीच्या कडेला सरकून छताकडे बघत बसलो. आता वाजेल. वाजेना. वर बाबांची पावलं इकडून तिकडे गेली, थांबली. मग त्यांचा आवाज आला, फोनवर बोलतात तसा मोठा.

“जावईबापू, अहो, अडलंय.”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी इथे खाली, तेरा पायऱ्यांवर, आणि हे फोन करतात शहराच्या दुसऱ्या टोकाला! काखेत कळसा नि गावाला वळसा. बायको ताट पुसत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तेच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून थेट आला. बाबांच्या सॉकेटला त्यानं एक यंत्र लावलं, मुठीत मावेल एवढं. “इथून पाच मीटरवर तुटलंय,” तो म्हणाला. तार कुठे तुटलीय ते भिंत न उघडता सांगणारं यंत्र असतं, हे मला त्या दिवशी कळलं. “पाच मीटर म्हणजे... जिना.”

“अरे, ह्यांना स्टूल दे,” बाबा मला म्हणाले.

स्टूल मीच दिलं आणि मीच धरून उभा राहिलो. त्यानं झाकण काढलं, केबल ओढली, आणि टेपनं बांधलेला जोड बाहेर आला. टेपचं टोक दुमडलेलं होतं.

मी नेहमी दुमडतो. टेप गुंडाळून झाली की शेवटचं बोटभर टोक स्वतःवरच उलटं चिकटवायचं, म्हणजे पुढे कधी उघडायचं झालं तर ते चिमटीत धरून सरळ सोलता येतं. माझ्या प्रत्येक जोडावर ही घडी असते. या घरात तशा पन्नास सापडतील, आणि दुसऱ्या कुठल्या वायरमनची मी आजवर पाहिलेली नाही. कपट करायला बसलो आणि खाली सही करून उठलो.

जावईबापूनं ती घडी चिमटीत धरली, टेप एका ओढीत सोलली आणि हाताशी असावी म्हणून कठड्याला चिकटवली. आतल्या तारा पाहिल्या. मग खाली माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलाकडे पाहिलं.

“उंदीर झालेत घरात, दादा,” तो हळू म्हणाला. “पीळसुद्धा सोडलाय त्यानं.”

मी स्टूल आणखी घट्ट धरलं.

“काय सापडलं?” वरून बाबांनी विचारलं.

“उंदीर, बाबा!” तो ओरडला. “कुरतडलंय!” त्याला खोटं बोलायची सवय नसावी, कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

मग आम्ही दोघांनी जुनी केबल काढली आणि नवी ओढली. “वरचं टोक तुम्हीच करा, दादा,” तो म्हणाला. मी केलं. पेराएवढाच पीळ सोडला. लॅपटॉपवर हजार दिसले. “एक नंबर,” तो म्हणाला. त्यात टोमणा शोधण्यासाठी मी जंग जंग पछाडलं. सापडला नाही. म्हणजे हा माणूस आता चांगलाही निघाला. हेवा करायचा तर समोरच्यात निदान थोडी खोट असावी; यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

तो गेल्यावर मी टेप काढून फेकायला जिन्यात गेलो. चोराच्या मनात चांदणं. कठड्यावर टेप नव्हती. पायऱ्यांवर पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं, चपलेच्या तळव्याला चिकटली का तेही पाहिलं. नव्हती.

ठक, ठक.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काठी वाजली, आणि मला वर जावंसं वाटेना.

बाबा खुर्चीत बसले होते. गाणं बंद. मांडीवर ती टेप होती आणि त्यांचं बोट त्या घडीवरून फिरत होतं.

“बस,” म्हणाले. मी बसलो. “तू सहा-सात वर्षांचा असशील. एकदा माझ्याबरोबर आला होतास, स्टेजखाली केबल गुंडाळायला. तेव्हा मी तुला सांगितलं, टेपचं टोक दुमडून ठेवावं. का ठेवावं?”

“मागून येणाऱ्याला नखं खुपसावी लागू नयेत म्हणून.”

“हं,” बाबा म्हणाले. “उंदराला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.”

ही सवय त्यांच्याकडून आली हे मी साफ विसरून गेलो होतो. मला ती माझीच वाटत होती. मी बोलणी खायच्या तयारीनं मान खाली घालून बसलो. बोलणी येईनात. शेवटी मीच फुटलो.

“तुम्ही त्यांना फोन केलात,” मी म्हणालो. आवाज पन्नाशीला आलेल्या माणसाचा राहिला नव्हता. “मी खाली बसलो होतो. काठी वाजवली नाहीत. तीन आठवडे वाजवली नाहीत. दोन वर्षं वरखाली केलं मी, आणि पाठीवर हात त्यांच्या. घोरणारा माणूससुद्धा त्यांना सांगितलात तुम्ही!”

बाबांनी बोट वर केलं. थांब. मी थांबलो, जुनी सवय.

“जिन्याला तेरा पायऱ्या आहेत,” ते म्हणाले. “चौथ्या पायरीला तुझा डावा गुडघा वाजतो. कट्. मागच्या हिवाळ्यापासून. नवव्या पायरीला तू श्वास घ्यायला थांबतोस. माझं गाणं एकदा अडलं की तुझ्या दोन खेपा, आणि दर खेपेला तो गुडघा. मला ते ऐकवेना. म्हणून मीच धाकटीला म्हटलं, जावयांना घेऊन ये आणि हे कायमचं मिटवा.”

“मी मुद्दाम कण्हत होतो,” मी म्हणालो. “तुम्हाला कष्ट दिसावेत म्हणून.”

“कण्हणं खोटं होतं ते कळतं मला. चाळीस वर्षं नटांबरोबर काढलीत. पण गुडघा खोटा वाजत नाही.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सगळ्या जगाचं ऐकणारे ते कान माझ्या गुडघ्याला लागलेले होते, आणि त्यांनी माझं ऐकावं म्हणून मी त्यांच्याच तारा कापत होतो.

“मग नंतर बोलावलं का नाहीत?”

“काही अडलंच नाही, तर कशाला चढवू तुला? आणि तू आपणहून फिरकला नाहीस. मला वाटलं, सुटलास एकदाचा माझ्या कटकटीतून.” त्यांनी टेप उचलून माझ्या हातात ठेवली. “आणि मला कळलंय हे जावयांना बोलू नकोस. उंदीर म्हणताना घाम फुटला होता बिचाऱ्याला.”

बिचाऱ्याला! गुडघा माझा, फजिती माझी, आणि बिचारा कोण, तर तो. पोटात पुन्हा एक पीळ पडला, लहानसा. सुंभ जळतो, पीळ राहतो. बाबा उगीच म्हणत नाहीत. पण मला हसू आलं, आणि मी हसलो तसे तेही हसले.

दुसऱ्या दिवशी सहाला काठी वाजली नाही. मी दहा मिनिटं वाट पाहिली, मग कप घेऊन उठलो.

“बोलावलं?” बायकोनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

कण्हलो नाही. गुडघ्यावर हात ठेवला नाही. वर व्हायोलिन ऐन रंगात आलं होतं. चौथ्या पायरीवर पाय टाकला आणि ते थांबलं. नवी केबल, पेराएवढा पीळ, टोक माझ्या हातचं, आणि लॅपटॉपवर हजार दिसलेले. पुन्हा कसं अडलं? उरलेल्या नऊ पायऱ्या मी न थांबता चढलो. चहा बशीत सांडला.

चकती फिरत नव्हती. दिवे हिरवे होते. बाबांचं ते बोट आज फोनच्या पडद्यावर टेकलेलं होतं. गाणं त्यांनीच थांबवलं होतं.

“आज उजवाही वाजतोय,” ते म्हणाले. “ये, बस. कधीपासून दुखतंय ते सांग आधी.”